त्याने कचरा म्हटलेला काठ

आमच्या गावच्या तलावाचा उथळ काठ मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाने यंत्र लावून खरवडला, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा राग अजून ताजा आहे, आणि तो मी ताजाच ठेवणार.

त्या काठावर मी वाढले. गुडघाभर पाण्यात पाणगवत, कमळं आणि आपोआप उगवणारं देवधान दाटून उभं असायचं. मासे त्यातच अंडी घालत, पिल्लं त्यातच लपत. आम्ही ढिवर समाजाच्या बायका हातजाळीने तिथली चिल्लर मासळी धरायचो आणि त्यावर घर चालवायचो. अध्यक्षाला मोठे मासे हवे होते, त्यासाठी मोकळं पाणी हवं होतं. मी यंत्रासमोर उभी राहिले, तर चारचौघांत म्हणाला, "बाई, कचऱ्यासाठी काऊन भांडून राह्यली? तलाव तुह्या बापाचा हाय का?"

लोक हसले. कोण कोण हसलं, ते मला पाठ आहे.

काठ गेला तसं पाणी वाऱ्याने गढूळ राहू लागलं. हिवाळ्यात बदकं उतरेनात. अध्यक्षाने सोडलेलं बरंचसं मत्स्यबीजही उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात मरायचं. मी दुसऱ्या तलावांची मासळी डोक्यावरून, मग एसटीने गडचिरोलीला नेली. पुढे स्वतःची गाडी घेतली. त्या भागातला माल माझ्याशिवाय उचलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा तो दारात आला.

"आमच्या तलावाचा माल काऊन नाई उचलत, बाई?"

"जिथी कचरा नाई, तिथला माल मी घेत नाई, भाऊ."

"भाव कमी लाव."

"भावाचं मंग पाहू. आधी कचरा लाव. तुह्या हातानं."

"मजूर लावतो ना."

"काठाले कचरा मजुरानं नोता म्हटला."

पावसाआधी तो चिखलात उतरला. दुसऱ्या तलावातून आणलेली मुळं वाकून वाकून लावत होता. आम्ही बायका पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसलो होतो. "भाऊ, हे तिरपं लागलं, काढ," मी म्हणायचे. तो काढायचा.

दोन पावसाळ्यांत काठ पुन्हा दाटला, गवतात पिल्लं दिसली, आणि मी गाडी पाठवली. आता गाडीत आधी बायकांची चिल्लर मासळी भरते. अध्यक्ष उन्हात उभा असतो. त्याचे मोठे मासे सगळ्यात शेवटी घेते. तोवर बर्फ कधी उरतो, कधी नाही.