अंगठाछाप

आमच्या घरात अंगठा लावणं ही शरमेची गोष्ट. आईचे आजोबा महूच्या पलटणीत सही करायला शिकले आणि त्यानंतर आमच्यात कुणी कशावर अंगठा उठवला नाही. आई दहावी पास. तिची सही लांब, ऐटदार, शेवटची रेघ खाली ओढून जरा वळवलेली. माझ्या प्रगतिपुस्तकावर ती सही झाली की मार्क दोन-चारने वाढल्यासारखे वाटायचे. त्यामुळे काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी आई केंद्रावरून परत आली आणि पिशवी आपटून म्हणाली, "आधी अंगठा मागतात, आणि दिला तर घेत नाहीत," तेव्हा तिला नेमकं कुठे लागलंय ते मला कळलं. राग मला तिच्याहून जास्त आला. मला तो तसाही लवकर येतो.

आई भंवरकुआंला मेस चालवते. कोचिंगला आलेली गावोगावची पोरं-पोरी दोन वेळा तिच्याकडे जेवतात. खाली दोन खोल्यांत स्वयंपाक, वर गच्ची. पपा फौजेत होते. मी सातवीत असताना आजारपणात गेले. तेव्हापासून पेन्शन आणि पोळ्या या दोन गोष्टींवर आमचं घर चाललंय. पोळ्या आईच्या हातातल्या. पेन्शनसाठी मात्र दर नोव्हेंबरला आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं, म्हणजे हयातीचा दाखला. आधी बँकेत जाऊन ती ऐटदार सही केली की काम व्हायचं. मग बँकेऐवजी केंद्रावरचं बोटाचं मशीन आलं.

मी तेव्हा कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होते आणि छापांच्या पायी पार वेडी झाले होते. सुरुवात स्प्रेच्या डब्यांनी झाली. गाडीला ओरखडा पडला की मारतात ते डबे, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात. पहिला डबा निळा घेतला. आमच्या घरात पहिला रंग दुसरा कुठला असणार! गच्चीवर पांढरा पुठ्ठा आडवा टाकायचा, त्यावर काहीतरी ठेवायचं, वरून फवारा मारायचा आणि ते काहीतरी उचलायचं. एवढंच. पण कडुनिंबाची डहाळी उचलली की तिच्या जागी जी पांढरी डहाळी उरायची ती खऱ्या डहाळीपेक्षा जास्त दिसायची. एकेक दात, एकेक देठ. रोज ज्या झाडाखाली गाडी लावते ते झाड मी कधी पाहिलंच नव्हतं असं वाटायचं. मग मी सुटलेच. जुन्या ब्लाउजची लेस, दारात घालायचे रांगोळीचे छापे, काही सोडलं नाही. सेव पाडायचा झारा निळा झाला तेव्हा मात्र आई वर आली.

"हे छापे तर आम्ही रोज दारात टाकतो," ती म्हणाली. "तुला याची डिग्री देतात?"

"देतात."

"और मेरा झारा? झारा कौन देगा?"

आई चिडली की हिंदीत जाते. तिला शांत करायला मी म्हटलं, आता तुझा हात ठेव. कुरकुरत तिने उजवा हात पुठ्ठ्यावर पसरला, तोंड फिरवलं, डोळे मिटले. मी फवारा मारला. तिने हात उचलला आणि निळ्यात एक पांढराशुभ्र हात उमटला. बोटं जरा वाकडी, अंगठा बाहेर काढलेला. मला तो फार आवडला.

आईने वाकून पाहिलं. "हा माझा?"

"मग कुणाचा?"

"कुणाचाही असेल," ती म्हणाली आणि रॉकेलचा बोळा घेऊन बोटं पुसत खाली गेली.

तिचं खरं होतं. स्प्रेने हाताच्या बाहेरची सगळी जागा भरली होती. आत काहीच नव्हतं.

केंद्रावर दुसऱ्यांदा मी तिच्यासोबत गेले. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक करून सगळी बोटं. दर वेळी लाल दिवा. चेहरा बघून ओळखणारं ॲप तेव्हा त्या केंद्रावर आलं नव्हतं, त्यामुळे सगळी मदार बोटावर. मागे रांग खाकरायला लागली.

"आंटीजी, लकीरें घिस गई हैं आपकी," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "उंगली आ ही नहीं रही."

"भिया, वो सामने खड़ी है," मी म्हटलं. "बोल रही है, चल रही है. जिंदा होने के लिए और क्या करना पड़ता है?"

"दीदी, मेरे को तो दिख रहा है. मशीन को नहीं दिख रहा." त्याचा आवाज खरंच ओशाळा होता. "महीना खतम होने के पहले फिर देख लो, नहीं तो पेन्शन रुक जाएगी."

परतताना बॅटरी रिक्षात आई आपला हात उलटासुलटा करून बघत होती. "इथे चक्रं होती," ती म्हणाली. "तुझे पपा सुट्टीवर आले की माझी बोटं धरून मोजायचे. कुठल्या बोटावर शंख, कुठल्या बोटावर चक्र. या हातावर चार चक्रं आहेत म्हणायचे, म्हणजे तू राणी. मला कायम तीनच सापडायची. करंगळीवरचं चौथं ते लाडाने जोडायचे." ती हसली. "आता तर तीनही गेली. पोळ्यांत गेली सगळी."

मी म्हटलं, मशीन भंगार आहे. ती म्हणाली, "मशीन खोटं कशाला बोलेल?"

त्या वाक्याने मी हादरले. पेन्शन थांबली असती तर ओढाताण झाली असती, पण पोळ्या होत्या, आम्ही निभावून नेलं असतं. आईने मात्र मशीनचं खरं मानलं होतं. त्यानंतर पोरांना वाढून झालं की ती हात पदराखाली घ्यायला लागली. मेसमधल्या एका मुलीने विचारलंही, "आंटी, जल गया क्या?" माझी आई! जिने भाजीवाल्याला कधी भावात जिंकू दिलं नाही, ती एका डबीएवढ्या यंत्रापुढे हरली होती.

कॉलेजात आम्हाला तेव्हा पत्र्यावरून छाप घ्यायला शिकवत होते. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा मऊ थर द्यायचा. तो वाळत नाही, चिकट राहतो. त्यावर जे टेकवाल ते आपल्यापुरतं मेण उचलून घेतं. मग पत्रा ॲसिडमध्ये. जिथलं मेण उठलं तिथला धातू ॲसिड खातं, आणि त्या खाचांत शाई बसते. आमच्या सरांनी एकदा कबुतराचं पीस असं छापून दाखवलं होतं आणि त्याचा एकेक तंतू बघायला आख्खा वर्ग त्यावर वाकला होता. मी ठरवलं, मशीनला जमत नाही ना, मी घेते आईचा हात.

मेणाचा पत्रा कशाला लागू नये म्हणून मेसच्या सगळ्यात मोठ्या डब्यात घालून घरी आणला. दुपारची जेवणं उरकली होती. आईने डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आता तूही अंगठा मागतेस?"

"अंगठा नाही. पूर्ण हात."

तिने हात धुतला, पुसला, आणि केंद्रावर दाबायची तसा जोर लावायला गेली. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, दाबू नकोस, नुसता ठेव. मग मीच तिचं एकेक बोट वरून हलकेच टेकवलं. कितीतरी वर्षांनी मी आईचा हात इतका वेळ धरला होता. पत्र्यावर फक्त अंधुक डाग दिसत होते. "काही नाही आलं," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये सोडला. थोड्या वेळाने तळातून बारीक बारीक बुडबुडे धरायला लागले. आधी तळव्यावर, मग बोटांवर. बघता बघता ट्रेच्या तळाशी बुडबुड्यांचा आख्खा हात तयार झाला. ते बुडबुडे पिसाने सारखे बाजूला करायचे असतात, पण माझ्याने पीस लाववेना. मैत्रीण ओरडली तेव्हा भानावर आले.

आणि मग माझ्या स्वभावाने घात केला. शाई भरली, पुसली, आणि घाईत हाताला लागला तो कोरडा कागद पत्र्यावर ठेवून प्रेसचं चाक फिरवलं. कागद उचलला. तळव्यावरच्या मोठ्या रेघा आल्या होत्या. बोटांची टोकं कोरी होती, पाचही. मी कागद चुरगाळून फेकला आणि प्रेसच्या पायाला लाथ मारली. लागलं मलाच.

सरांनी चुरगाळलेला कागद उचलून उलगडला. "पेपर भिगोया था?"

"नहीं सर."

"तो प्लेट को क्यों कोस रही है? महीन लाइन नीचे बैठी रहती है, बेटा. सूखा पेपर ऊपर-ऊपर से निकल जाता है. उसको भिगो, फिर सोख ले. गीला हो, पर टपके नहीं."

ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण. मी निमूट कागद पाण्यात घातला, टीपकागदांमध्ये दाबून वरचं पाणी काढलं, पुन्हा शाई भरली. चाक फिरवलं. कागदावरचा लोकरीचा नमदा दूर केला, कागदाचा कोपरा धरला आणि सावकाश उचलत गेले.

आधी मनगटाजवळचा तव्याचा डाग आला. मग लाटणं फिरून फिरून गुळगुळीत झालेला तळव्याचा फुगवटा, विळीच्या आडव्या खुणा. आणि मग बोटांची टोकं. तिथे रेघा होत्या. केसाहून बारीक, मध्ये मध्ये तुटलेल्या, पण एकीभोवती एक फिरत आत आत जाणाऱ्या. छाप नेहमी उलटा येतो, त्यामुळे पत्र्यावर पालथा टेकवलेला हात कागदावर उताणा झाला होता. पदराखाली लपवलेला तो हात आईने उघडून माझ्यासमोर धरला होता. मी तिथेच रडायला लागले. इतकं बारीक, इतकं खरं काही माझ्या हातून निघेल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते मी केलंच नव्हतं. ते तिथे होतंच. मी फक्त कागद भिजवला होता.

डोळे पुसता पुसताच डोक्यात उजेड पडला. इथे कागद कोरडा होता. तिथे बोट कोरडं होतं! कणीक, राख, भांड्याचा साबण, तव्याची धग. आईची बोटं वर्षानुवर्षं वाळत गेली होती.

"काहीतरीच तुझं," आई म्हणाली. तो छाप बघायलाही ती तयार नव्हती. "मशीनने सांगितलं तेवढं पुरे." पण मी हट्टाला पेटले की तिचं चालत नाही. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या बाकड्यावर मी तिच्या मांडीवर कोमट पाण्याचा डबा ठेवला आणि तिचा हात त्यात बुडवला. लोक वळून वळून बघत होते. एका बाईने विचारलं, "दीदी, पार्लर का काम है क्या?" आई लाजेने लाल झाली. आमचा नंबर आला तेव्हा मी पिशवीतून कॉलेजचा टीपकागद काढला आणि तिचा अंगठा टिपला. ओला, पण टपकत नाही असा.

"दाबू नकोस," मी म्हटलं. "ठेव."

तिने ठेवला. मशीनने थोडा विचार केला. मग हिरवा दिवा लागला.

"आ गई, आंटीजी!" काउंटरवरचा माणूस आमच्याहून खूश.

आईला पटेना. "कौन आ गई?"

"आप. और कौन?"

रिक्षात बसल्यावर तिने हात मांडीवर उघडा ठेवला होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "दाखव आता." मी ओटा पुसून कोरडा केला आणि छाप त्यावर उलगडला. छापाखाली पेन्सिलने सही करायची आम्हा छाप घेणाऱ्यांत रीत आहे. मी पेन्सिल काढली, तर तिने ती माझ्या हातून घेतली. "हात माझा, सही तुझी? वा गं वा." आणि स्वतःच्या अंगठ्याखाली तिने ती लांब सही केली, शेवटची रेघ खाली ओढून जरा वळवलेली.

सही झाली आणि ती थांबली. खाली वाकली. चष्मा नीट केला. मग कागदावरच्या एकेका बोटाच्या टोकाशी पेन्सिल नेत मोजायला लागली. तर्जनीपाशी ओठ हलले नाहीत, तिथे शंख होता. बाकीची मोजत ती करंगळीपाशी आली आणि तिथे पेन्सिल बराच वेळ तशीच राहिली. मीही वाकले. करंगळीच्या टोकावर, विळीच्या एका खुणेने अर्धं कापलेलं, लहानसं गोल चक्र होतं.

"होतं गं," आई म्हणाली. "बरोबर मोजायचे ते."