मंद्याची स्टिक आणि दहाव्याचा कावळा

बसा, चहा येतोय. तोवर माझा एक पराक्रम ऐका. लोक भर सभेत शेण खातात, मी भर दहाव्याला खाल्लं. हसायचं असेल तर खुशाल हसा, माझी हरकत नाही. मला स्वतःला अजून नीट हसता येत नाही, कारण यात माझा मित्र मेलेला आहे.

मंदार त्याचं नाव, आमच्यासाठी मंद्या. राहायला कोपरला. बेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आजारपण नाही, निरोप नाही, काही नाही. त्याच दुपारी त्याने मला बटणांचा फोटो पाठवलेला, खाली लिहिलेलं, "हिरवी की काळी?" मी उत्तर टाकलं, "काळी." ते त्याने कधी बघितलंच नाही.

बटणं कसली? सांगतो ना! लहानपणी डोंबिवलीत व्हिडिओ गेमची पार्लरं असायची, आठवतात? नाणं टाकायचं, मशीनसमोर उभं राहायचं, डाव्या हातात गोळा लावलेली दांडी, उजव्या हाताखाली सहा बटणं, आणि पडद्यावर एकमेकांना बदडायचं. मी आणि मंद्या तिथेच भेटलो. त्याने मला इतका मारला, इतका मारला, की शेवटी नाइलाजाने मी त्याच्याशी मैत्री केली.

पुढे पार्लर बंद झालं, तिथे दातांचा दवाखाना आला. आमची खाज काही गेली नाही. मग तीच दांडी, तीच बटणं आम्ही लाकडी पेटीत बसवून, पेटी मांडीवर घेऊन घरी खेळायला लागलो. हिला म्हणतात आर्केड स्टिक. तयार विकत मिळते, पण विकतची घेऊन खेळायला आम्ही काय नवशिके? दांडी जपानी की कोरियन, स्प्रिंग कडक की मऊ, बटणं खटखटणारी की मुकी, यावर आम्ही जेवढं बोललो तेवढं मी माझ्या लग्नावर बोललो नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही.

आमचं कायमचं भांडण एकच. दांडीच्या खाली प्लास्टिकची एक चकती असते, तिला गेट म्हणतात. दांडी किती हलायची आणि कुठे अडायची, ते हे गेट ठरवतं. मंद्याला चौकोनी गेट हवं. मी अष्टकोनीवाला. चौकोनीत दांडी कोपऱ्यात बरोबर बसते हे त्याचं म्हणणं, अष्टकोनीत आठही दिशा बोटाला कळतात हे माझं. आम्ही यावरून एकदा महिनाभर अबोला धरलेला. बायका हसतात, हसू देत. लोकांची गावाकडे बांधावरून डोकी फुटतात, आमची गेटवरून.

मंद्या गेला तेव्हा एक नवी स्टिक त्याच्या टेबलावर अर्धवट पडलेली. सागवानी पेटी तयार, वायरी बाहेर लोंबतायत. वरची ॲक्रिलिकची शीट मी वागळे इस्टेटमधल्या एका नंबरप्लेटवाल्याकडून आणलेली, आणि तिच्यात भोकं पाडायचं काम माझं. आमच्यात कामाची वाटणीच तशी होती. डोकं त्याचं, भोकं माझी.

तर दहावा. कल्याणला खाडीवरचा घाट, तापलेली फरशी, आणि पिंड ठेवायला मंद्याचा धाकटा भाऊ सुमित. त्याने पाणी सोडलं, सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळे नव्हते असं नाही हो. घाटावर कावळ्यांना काय तोटा? शेजारच्या कुटुंबाने पिंड ठेवायचा अवकाश, झडप! त्यांचे आजोबा नव्वदीचे होते म्हणे, सगळं बघून, खाऊन, भोगून गेलेले. आमचा कावळा मात्र पत्र्यावर बसून मंद्याच्या पिंडाकडे बघायचा, मान वाकडी करायचा आणि परत खाडीकडे तोंड फिरवायचा.

आता हे तुम्हाला ठाऊकच आहे. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जवळच्यांनी हात जोडून पुढे व्हायचं आणि वचन द्यायचं. नेमकी इच्छा ओळखली की कावळा खाली येतो.

सुमित म्हणाला, "दादा, आईची काळजी करू नकोस, मी आहे."

कावळा पंख साफ करायला लागला.

मंद्याची बायको प्रज्ञा म्हणाली, "आपल्या लेकीला, सानूला, तिला पाहिजे ते शिकू देईन. तू म्हणशील तसं."

कावळा एक पाऊल सरकला, थांबला, परत मागे.

मग त्याची कुंदा आत्या पुढे आली. "मंदार, वर्षश्राद्धाला मी तुझे आवडते बेसनाचे लाडू करीन हो!"

कावळा उडून लांबच्या खांबावर जाऊन बसला. ते लाडू मी खाल्लेत, मला नवल वाटलं नाही.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. मागे पुढच्या नंबराची मंडळी थांबलेली. "दर्भाचा कावळा करून शिवायची सोय आहे," ते हलकेच म्हणाले. "शास्त्राला चालतं. करू या?"

"नको," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे मंद्याची आई. पायरीवर बसलेल्या, दहा दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या. "त्या दिवशी सकाळी मी त्याला डब्यावरून बोलले. रोज रोज भाजी परत आणतोस, मी काय घाण्याला जुंपलेय का, असं बोलले. तो डबा न घेताच गेला. रागावून गेला की नाही, एवढंच मला कळायचंय हो गुरुजी. गवताच्या कावळ्याला ते काय कळणार?"

प्रज्ञाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि इथे मी उठलो.

गरज होती का? अजिबात नव्हती. पण मला राहवेना. जगात मंद्याला माझ्याएवढं ओळखणारं कोण होतं? आणि त्याची इच्छा काय राहिलीय हे तर टेबलावर वायरी बाहेर काढून पडलेलं!

"काकू," मी म्हटलं, "तुमच्यावर कशाला रागवेल तो? मला माहितीये काय राहिलंय. थांबा."

मी पुढे झालो, हात जोडले. "मंद्या, तुझी नवी स्टिक मी पूर्ण करतो!"

आणि खरं सांगतो, कावळा उडाला! पत्र्यावर आला! सगळ्यांनी माना वर केल्या.

"आला, आला," सुमित कुजबुजला. "गिरीशदादा, बोल अजून."

बोल म्हणाला ना? झालं. मला वाटलं, कावळा घासाघीस करतोय. आता फक्त बारकावे ठरायचे राहिलेत.

"काळी बटणं टाकतो. मुकी. कडक स्प्रिंग. आणि बघ, अष्टकोनी गेट..."

कावळा उडून परत खांबावर.

"बरं बाबा, चौकोनी! चौकोनी टाकतो! तुझंच खरं. अष्टकोनी फालतू असतं, मी मानलं!"

जन्मभराचं भांडण मी भर घाटावर हरलो, तिन्ही कुटुंबांच्या देखत. कावळा ढिम्म.

"हे कुठल्या गेटचं चाललंय?" आत्याने विचारलं. "सोसायटीच्या?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गेट नाही, तर मग काय? लपवाछपवी! माणूस मनावर ओझं घेऊन गेला असेल, तर ते उतरवायला नको? विचार करायच्या आधीच मी बोलून गेलेलो.

"मंद्या, प्रज्ञाला मी सगळं सांगतो. आपण रविवारी ठाण्याला स्पर्धांना जायचो ते सांगतो."

प्रज्ञाने मान वर केली. "स्पर्धांना? तो तर शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेला असायचा."

"तेच ते, वहिनी."

"दर रविवारी?"

"दर रविवारी नाही," मी म्हटलं. "एक-दोनदा खरंच अडकलेलो."

कावळा जागचा हलला नाही. आता काकूंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या पदराचं टोक मुठीत धरून खांबाकडे एकटक बघत होत्या. म्हटलं, काहीही करून ह्या बाईला मोकळं करायचं. काहीही करून! मग मी डोळे मिटले आणि शेवटचं अस्त्र काढलं.

"मंद्या, चौरंगाचंही सांगतो! काकू, त्याने नव्या स्टिकची पेटी तुमच्या सागवानी चौरंगाची केलीय. तसलं लाकूड आता मिळत नाही म्हणून. त्याला फार टोचत होतं ते."

डोळे उघडले तर काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"सत्यनारायणाचा चौरंग?" काकूंनी विचारलं.

"तोच असावा."

"बघ वहिनी!" कुंदा आत्या काकूंवर असं ओरडली की शेजारच्या कुटुंबाचे सगळे कावळे उडाले. "बघ! घर बदललं तेव्हापासून माझ्यावर आळ! मी नेला, मी नेला! माझ्या मुलीच्या लग्नाला तू अक्षता टाकून, न जेवता निघून गेलीस ती ह्याच चौरंगावरून ना?"

आता मला ह्यातलं काय माहीत? आईशप्पथ, माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं. म्हणजे, बहुतेक नसतं. सुमित आत्याला आवरायला लागला, आत्या सुमितला ढकलायला लागली, गुरुजी म्हणाले, "अहो मंडळी, घाट आहे हा," आणि मागच्या रांगेतला एक माणूस फोनवर कुणाला तरी सांगायला लागला, की थांब, इथे वेळ लागणारसं दिसतंय.

काकू मात्र शांत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "गिरीश, ते जे काय तुम्ही बनवत होतात, त्यात तू काय करायचास?"

"मी भोकं पाडायचो काकू. बटणांची. आणि वायरी जोडायचो. त्याचं मोजमाप पक्कं, पण हातात ड्रिल धरायला घाबरायचा. म्हणून मी."

हे ऐकून प्रज्ञा पुढे झाली. तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो तिच्या डोळ्यांत, असता तर बरं झालं असतं.

"तो घाबरायचा नाही," ती म्हणाली. "तू गेलास की तो सगळं परत उघडायचा. तू पाडलेली भोकं तिरकी असायची. तो ती शीट काढून टाकायचा, तसलीच नवी आणायचा आणि भोकं स्वतः पाडायचा. वायरी तर सगळ्याच काढायचा. मी एकदा म्हटलं, सांग ना त्याला सरळ. तर म्हणाला, नको, गिऱ्या एवढ्या हौसेने येतो ठाण्याहून."

इतक्या वर्षांत प्रत्येक स्टिक मी त्याच्या मांडीवर बघितली आणि मनात म्हटलं, वा, काय भोकं पाडलीत आपण! आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. ह्याने कधी हूं की चूं केलं नाही. उलट दर वेळी म्हणायचा, "मस्त झालंय रे." मला तिथेच रडू फुटलं. दहा दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. वाईट ह्याचं वाटलं, की आता भांडायलाही तो नाही.

काकू पायरीवरून उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पिंडासमोर गेल्या, हात जोडले आणि अगदी साध्या आवाजात, मुलाला जेवायला हाक मारावी तशा म्हणाल्या,

"मंदार, चौरंगाचं काही मनात ठेवू नकोस. आणि तुझ्या त्या खेळण्याला मी गिरीशला हात लावू देणार नाही."

वाक्य पुरं व्हायचा अवकाश हो! कावळा खांबावरून सुटला तो थेट पिंडावर! शिवला म्हणजे नुसती चोच नाही लावली, चांगला मोठा घास घेऊन गेला.

"शिवला!" सुमित ओरडला. गुरुजींनी हात जोडले. काकू तिथेच फरशीवर बसल्या आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडल्या, मोकळ्या, मोठ्याने. "माझ्यावर नव्हता गं रागावला," त्या प्रज्ञाला सांगत होत्या. "माझं ऐकलंन त्याने. लगेच ऐकलंन!" कुंदा आत्यासुद्धा भांडण विसरून त्यांच्या गळ्यात पडली. प्रज्ञाने डोळे पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि तिला, अशा वेळी, हसू आलं.

मग सगळं घराणं माझ्याकडे बघायला लागलं. मी नाक पुसत, हात जोडून तसाच उभा. मला बरं वाटत होतं, काकू सुटल्या म्हणून. देवाशप्पथ बरं वाटत होतं. पण त्या कावळ्याकडे बघून आतून एकच येत होतं. अरे मंद्या, इतक्या वर्षांची मैत्री आपली, निदान जरा आढेवेढे तरी घ्यायचेस की रे!