दुर्बिणीला जेवू घालणारे अण्णा

अण्णांना यंत्रांची भूक कळायची. बॅटरी बघायला म्हसळ्याच्या दुकानात गेले की दुकानदार खोक्यावरचे मोठमोठे आकडे वाचून दाखवी, आणि अण्णा ते लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखे ऐकून घेत. मग म्हणत, "ते असू दे. जेवणारे कोण कोण ते आधी विचार, मग भात टाक."

त्यांच्याकडे जेवणारे दोन. एक दुर्बिणीची मोटर. पृथ्वी फिरत असल्यामुळे दुर्बिणीत धरलेला तारा बघता बघता निसटतो. ही मोटर दुर्बीण त्याच्या मागोमाग वळवत नेते. ती अल्पाहारी. दुसरी, भिंगाभोवती गुंडाळायची गरम पट्टी. आमच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाला की भिंगावर दंव धरतं, ते ही पट्टी धरू देत नाही आणि मोटरच्या कितीतरी पट खाते. "नवरदेव कमी जेवतो, वऱ्हाडी जास्त," अण्णा सांगत. आतून काकूंचा आवाज येई, "माझ्या भावाचं नाव घ्यायचं तर सरळ घ्या!"

मुंबईत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि वडिलांच्या पोफळीच्या वाडीत परतले. वाडीत सावली भरपूर, आकाश जवळजवळ नाही. म्हणून दुर्बीण समुद्राकाठच्या पुळणीवर न्यावी लागे, आणि तिच्याबरोबर शिशाची जुनी अवजड बॅटरी. ती उचलायला शेजारच्या कोळीवाड्यातला बाळ्या नाखवा येई, दुर्बीण लावायला मी. "अण्णानू, ही बॅटरी हाय का होडीचा नांगर?" तो दर वेळी विचारी आणि दर वेळी उचली.

एकदा तालुक्याच्या पुढाऱ्यांनी आकाशदर्शनाचा सोहळा केला. हॅलोजनच्या लखलखाटात दीपप्रज्वलन, सत्कार, पुन्हा सत्कार. तारे कुणालाच दिसले नाहीत. "भाषणं मात्र अगदी स्पष्ट दिसली," एवढंच अण्णा म्हणाले.

मग त्यांच्या नजरेचा मधला भाग विझू लागला. समोरच्याचा चेहरा दिसेना, कडेचा दरवाजा दिसे. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. त्याच सुमारास पश्चिमेला एक धूमकेतू येणार होता, सूर्यास्तानंतर थोडा वेळ दिसून समुद्रात उतरणारा. अण्णांना तो पाहायचा होता. "अंधूक गोष्ट तिरकीच बघायची असते," ते म्हणाले. "आयुष्यभर सगळ्यांना तेच शिकवलं. आता माझ्याकडे तिरकीच नजर उरलीय, बरंच झालं." फक्त त्यांना आता शोधायला वेळ लागे. मोटरने धूमकेतू धरून ठेवला, तरच तो वेळ मिळणार होता.

नाखव्याची कंबर धरली होती, म्हणून अण्णांच्या मुलाने पुण्याहून तळहाताएवढी नवी बॅटरी पाठवली. पुळणीवर सूर्य बुडाला, मी दुर्बिणीत धूमकेतू आणून दिला, अण्णा स्टुलावर बसले, आणि पट्टी जोडायच्या आधीच मोटर बंद पडली. बटण दाबलं, चालली, पुन्हा बंद. धूमकेतू खाली सरकत होता. "पोराला सांगा, खेळनं पाठवलंस म्हनून," नाखवा पुटपुटला. अण्णांनी बोटांनी तारा चाचपल्या. मग हसले. "ही बॅटरी फार शहाणी आहे रे. मोटर इतकं थोडं खाते की हिला वाटतं पंगत उठली. म्हणून झाकपाक करून झोपते. पट्टी लाव. एक खादाड बसव पंगतीत."

पट्टी जोडली. मोटर चालू झाली आणि चालू राहिली.

अण्णांनी डोळा लावला, मान किंचित वाकडी केली आणि नजरेच्या कडेने शोधत राहिले. मग म्हणाले, "शेपूट डावीकडे वळलंय." मला बघायला दिलं. मी सरळ बघितलं, तर पुसट डाग. नजर बाजूला नेली, आणि त्या डागातून एक पांढुरका पिसारा उलगडत दुर्बिणीच्या कडेपर्यंत गेला. मी उठून त्यांना जागा दिली.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. आकाशदर्शनाचा विषय निघाला की मला त्या संध्याकाळचा शेवट आठवतो. धूमकेतू पाण्याला टेकला, बुडाला. अण्णा डोळा लावून तसेच बसलेले.

"अण्णा, गेला तो."

"ठाऊक आहे. मोटर अजून त्याच्या मागे चाललीय."

"बंद करू?"

"चालू दे थोडी," ते म्हणाले. "भात अजून शिल्लक आहे."