उघडून बघणारी सुजाता

सुजाता स्वतःच्या कामावरही विश्वास ठेवायची नाही. पॅकेज, म्हणजे प्रोग्राम संगणकात बसवायची बांधलेली फाइल, तयार झालं की आम्ही सगळे चहाला उठायचो. ही मात्र तयार फाइल उघडून, कागदावरच्या यादीवर बोट ठेवून, बांधताना दिलेला एकेक फ्लॅग, म्हणजे पर्याय, खरंच उतरलाय का ते बघत बसायची. "सांगितलं म्हंजे झालं असं न्हाई, सर. उघडून बघावं लागते," हे तिचं ठरलेलं.

हिंगोलीत धान्याच्या मोंढ्याजवळ आमचं छोटंसं ऑफिस होतं. हळदीची आवक नोंदवायचा लिनक्सवरचा प्रोग्राम मी लिहिलेला. त्याचं पॅकेज बांधायचं कामही मलाच हवं होतं. साहेबांनी ते आखाडा बाळापूरहून एसटीने येणाऱ्या, माझ्याहून आठ वर्षांनी लहान पोरीला दिलं. मी जळलो. उगाच सभ्यपणा कशाला, चांगलाच जळलो.

पॅकेज बांधताना ती लिहिलेल्या कोडची चालती फाइल बनवणाऱ्या कंपायलरला आणि लिंकरला सुरक्षेचे फ्लॅग द्यायची. प्रोग्रामने मेमरीत नेमलेल्या जागेबाहेर लिहिलं, तर त्याने तिथल्या तिथे बंद पडावं म्हणून. एके दिवशी म्हणाली, "सर, मी फ्लॅग देऊन राहिले, पण फाइलीत एकबी उतरला न्हाई." बांधणीच्या सूचनांत मी माझेच फ्लॅग पक्के लिहून ठेवले होते, त्यामुळे तिचे गुपचूप गळत होते. तिनं ती ओळ दुरुस्त केली आणि शेतकऱ्याचं पहिलंच लांबलचक नाव टाकताच माझा प्रोग्राम बंद पडला.

मला आनंद झाला! साहेबांसमोर म्हणालो, "हिच्या फ्लॅगांनी चालता प्रोग्राम मोडला." जुनं पॅकेज लावून दाखवलं. ते चाललं. सुजातानं त्यात तेच लांब नाव टाकलं आणि शेजारच्या वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे भलताच आकडा आला होता.

"हे बंद पडत न्हाई सर, गुमान खोटं लिहिते. काहून चालू ठेवायचं असलं?"

नावासाठी जागा मीच कमी ठेवली होती. साहेबांनी तिच्यासमोरच ती जागा वाढवायला मला बसवलं, ते लागलं.

पुढे ती पुण्याला गेली, लिनक्सची पॅकेजं बांधायच्याच नोकरीवर. मी तिचे पेढे खाल्ले, तोंडभर अभिनंदन केलं आणि दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसत राहिलो.

बांधणारी म्हणून तिचं नाव असलेलं प्रत्येक नवं पॅकेज मी अजून इंटरनेटवरून उतरवून घेतो. यादीवर बोट ठेवून तपासतो, एखादा तरी फ्लॅग सुटलेला सापडावा म्हणून. आजवर सापडलेला नाही. मध्यंतरी तुलनेसाठी, ती गेल्यावर मी बांधलेलं माझंच एक पॅकेज उघडलं, तर त्यात दोन फ्लॅग उतरलेलेच नव्हते. ते मी मुकाट्याने नीट केलं. तिला मात्र अजून कळवलेलं नाही.