इतर हक्कातला बोजा

लग्न झालं तेव्हा आम्ही रत्नागिरीत भाड्याची खोली शोधत होतो. घरमालक भाडं सांगण्याआधी आडनाव विचारायचे. आमचे हे सरळ सांगायचे. मग घरातलं कुणीतरी आत जाऊन यायचं आणि म्हणायचं, "अहो, जागा कालच एकांना दिली बघा." हे "बरं" म्हणून चपला पायात सरकवायचे. शेवटी यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने शब्द टाकला, तेव्हा कुठे एक खोली मिळाली. तिथे आम्ही बरीच वर्षं काढली.

हे औद्योगिक वसाहतीत फिटर होते, मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मिरजोळ्याला कातळावर एक छोटा प्लॉट घेतला आणि बँकेचं कर्ज काढून दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर बांधलं. गृहप्रवेशाला गावाहून माणसं आली, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. सगळे निघाल्यावर सासूबाई भिंतीला हात लावून म्हणाल्या, "ह्या आता आपलाच ना रे?"

"बँकेचं फिटलं की आपलं," हे हसत म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "म्हंजे अजून नाय," म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

ते यांच्या मनाला लागलं असावं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. कर्ज असलं की त्यात बँकेचं नाव येतं, बोजा म्हणून. त्या रात्री यांनी सातबारा काढून तो रकाना मला दाखवला. "कर्ज वीस वर्षांचं. फिटेपर्यंत मी रिटायर झालेला असेन. एवढा वेळ हे नाव इथे ठेवायचं नाही."

पुढच्या महिन्यात हप्ता गेल्यावर उरलेले हजारभर रुपये घेऊन हे बँकेत गेले. मीही सोबत होते. साहेब तरुण होता, भला होता. त्याने विचारलं, "पुढच्या हप्त्यात धरू की मुद्दलात?" आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानेच समजावलं, की सुरुवातीच्या हप्त्यात बहुतेक व्याजच असतं, मुद्दल अगदी थोडं सुटतं, म्हणून आत्ता भरलेला पैसा पुढे भरलेल्या पैशापेक्षा जास्त कामाला येतो. "हप्ता कमी करून घेऊ नका काका. मुदत कमी करायचा अर्ज द्या."

तेव्हापासून तेच चालू झालं. ओव्हरटाइमचे पैसे मुद्दलात. कधी पाचशे, कधी दोन हजार. एका दिवाळीला सगळा बोनस तिकडे गेला, तेव्हा मी दोन दिवस धड बोलले नाही. घराला बाहेरून गिलावा नव्हता, पावसात चिरे ओले राहून आत बुरशी धरायची. हे चुलीपाशी येऊन उभे राहिले. "रागावलीस?"

"रागावू नको तर काय करू? माणसं घर बांधतात ती सुखाने राहायला."

"तेच तर करतोय गो," एवढंच म्हणाले.

मग यांचे पाय सुजायला लागले. उभं राहून काम करतात म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं, शिफ्ट झेपेना, नोकरी सुटली. फंडाचे पैसे हातात आले, त्याच संध्याकाळी हे म्हणाले, "हे बँकेत भरून टाकू. एका दमात मोकळे."

"नाही. हे तुमच्या औषधाचे."

"मी किती दिवस पुरणार? घर पुरेल तुम्हाला."

"तुम्ही नसलेल्या घराचा बोजा काढून मी काय करू?" माझा आवाज चढला. मुलगी आतून बाहेर आली. हे तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग हप्ता तरी चुकवू नको."

कर्जासाठी फंडाला मी हात लावला नाही. हप्ता माझ्या पगारातून जाऊ लागला. आणि ज्या गोष्टीसाठी मी यांच्यावर डाफरले होते, तीच आता मी करू लागले. शाळेत अर्ज लिहून देण्याचं, टायपिंगचं जादा काम घेतलं, ते पैसे मुद्दलात टाकले. यांना पावती दाखवली की उशाशी ठेवायचे. आधीच्या वर्षांत त्यांनी एवढं कापून ठेवलं होतं, की माझ्या वाट्याला थोडंच उरलं होतं. वीस वर्षांचं कर्ज निम्म्यात संपलं.

बँकेने कागद परत दिले. तलाठ्याकडे खेपा घालून मी नवा सातबारा आणला. हे डायलिसिसहून येऊन पडले होते. डोळे मिटूनच विचारलं, "काय लिहिलंय तिथे?"

"काही नाही. रकाना रिकामा आहे."

"आई असायला हवी होती," म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी कागद उशाशी ठेवला आणि शेजारी बसले.

हप्ता नव्हता म्हणून मला बिनपगारी रजा घेता आली. त्या काळात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. त्यांच्या शाळेबद्दल, मुंबईला भावाकडे काढलेल्या एका वर्षाबद्दल, मला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवसाबद्दल. दुपारी दारात खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला "चहा घेऊन जा" म्हणायचे. माणसंही यायची. जेमतेम एक उन्हाळा आणि एक पावसाळा असा मिळाला. भात कापणीच्या दिवसांत ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक नातेवाईक मला म्हणाले, "कर्ज फेडून गेला, सुटला बिचारा." त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं होतं, मी मान हलवली. पण मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांना सुटायचं नव्हतं. त्यांना इथे राहायचं होतं.