अक्काने गाठीची माती तपासली

अक्का गेल्याचा फोन नानांनी स्वतः केला. "गेली तुही अक्का," एवढंच म्हणाले. त्याला पाच आठवडे झाले... पण तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू यायच्या आधी अंगात उत्साहच येतो, त्याला मी काय करू?

अक्का माझी आत्या, यावलची केळीवाली शेतकरीण; नाना तिचे यजमान. मी धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगावर काम करते. आणि गाठ निघाली ती तिलाच! आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया असं ठरलं. तपासणीसाठी काढलेले तुकडे उरले, ते तिने सही करून माझ्या अभ्यासाला दिले. "मले औषध लागू पडीन का, तेवढं सांग," म्हणाली. पेशींच्या आत जनुकांचे निरोप फिरत असतात: वाढ, थांब, मर. काही गाठींत 'मरू नको' हा निरोप इतका जोरात चालतो की केमोचं काही चालत नाही. तो आधीच ऐकता यावा, हाच माझा ध्यास. अक्काच्या तुकड्यात तो शांत होता. मी छाती फुगवून सांगितलं, "लागू पडेल!"

अर्धंच पडलं. गाठीचा एक भाग विरघळला, दुसरा तसाच. तोंड पाडून यावलला गेले, तर ही ओट्यावर घमेल्यात माती मिसळत बसलेली. वावराचे चार कोपरे आणि मधली जागा, अशी पाच ठिकाणची माती एकत्र करायची आणि त्यातली थोडी तपासणीला पाठवायची. हात न थांबवता तिने विचारलं, "तू तुकडा कुठचा घेतला व?"

"डॉक्टरांनी चार काढले होते. मी एक तपासला."

"येकच?" तिचा हात थांबला. "अवं, येका कोपऱ्याची माती पाहून कोनी वावरभर खत टाकते का?"

गाठ सगळीकडे सारखी नसते, हे मी दहादा वाचलं होतं. वाचलं होतं, केलं नव्हतं! दुसऱ्याच दिवशी उरलेले तीन तुकडे वेगवेगळे तपासायला घेतले. निकाल आले तेव्हा मी ओरडलेच. दोन शांत, आणि एकात 'मरू नको'चा नुसता गलका! तसाच अक्काला फोन लावला, "सापडलं!" म्हणत धडाधड बोलत सुटले... आणि मध्येच जीभ अडखळली. औषध तिला पुरतं का लागलं नाही, हे मी तिलाच आनंदाने सांगत होते.

"पह्यले समजलं असतं तर?" तिने विचारलं.

"कदाचित औषध बदलून पाहता आलं असतं, अक्का."

"मले नाई, तं पुढचीले सांगजो," म्हणाली. मला तिचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मग दर रविवारी मी फोन करायचा आणि तिने "काय निघालं?" म्हणून विचारायचं, असा नेमच झाला. रोग पसरत गेला, आवाज खोल गेला, तरी तिने तो नेम सोडला नाही.

मागच्या रविवारी एका बाईचा निकाल हाती आला. तिचे चारही तुकडे तपासून, औषध सुरू व्हायच्या आधी मी 'लागू पडेल' असं लिहून ठेवलं होतं. आणि पडलं! एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, कळतं मला; पण मी खुर्चीतून उडालेच. सवयीने यावलचा नंबर लावला आणि घंटा वाजू लागल्यावर भानावर आले. ठेवणार, एवढ्यात नानांनी उचलला. माझ्या कामाबद्दल जन्मात कधी एक शब्द न विचारलेला माणूस... त्यांनी घसा खाकरला.

"काय निघालं?" म्हणाले.