दादाचे बिनकुलपाचे गेम

माणूस गेला की त्याने विकत घेतलेले गेम कुणाचे?

हे मी दिसेल त्याला विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही, किस्से मात्र प्रत्येकाने दिले. दादा काविळीने गेला त्याला अजून महिना नाही झाला. दुकानात कुणीही आलं की एक किस्सा ठेवून जातो. कुठे ठेवू एवढे?

दादाचं मानपाड्याला कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. संध्याकाळी तिथे त्याचे दोस्त निक्या आणि पिंट्या पडीक, आणि मी. विषय एकच, गेम कुठून घ्यायचा? दादाचं ठरलेलं. डीआरएम, म्हणजे कंपनीचं कुलूप असलेला गेम घ्यायचा नाही! "पैसे भरले आपण आणि चावी बिल्डरकडे? डोंबिवलीत राहून पण शिकला नाहीत काय रे?"

*

पिंट्या म्हणाला, "मग मीच शहाणा! मी फुकटचे क्रॅक गेम घेतो. त्यांना कुलूपच नसतं."

दादा म्हणाला, "चोरलेल्या सायकललाही नसतं."

त्याच आठवड्यात पिंट्याचा कॉम्प्युटर व्हायरसने बसला. दादाने दुरुस्त करून दिला. घरी जाऊन पिंट्याने चालू केला, तर स्क्रीनभर सायकलचा फोटो!

*

निक्या सेल लागला की कुलूपवालाच गेम घ्यायचा. स्वस्त पडतो ना! हनिमूनला माळशेजला लॅपटॉप घेऊन गेलेला. तिथे नेट नाही. एकट्याने खेळायचा गेम, तरी स्क्रीनवर आलं, "आधी ओळख पटवा."

वहिनी म्हणाली, "तो ओळखत नाही ना तुम्हाला? आता मीही ओळखत नाही!"

*

नवीन ऑनलाइन दुकानातून गेम घ्यायच्या आधी दादा चॅटवर विचारायचा, "तुमची कंपनी बुडाली तर माझा गेम चालेल का?"

एकाने सांगितलं, "सर, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पाहा."

दुसऱ्याने सांगितलं, "आमची कंपनी बुडणारच नाही." दादा म्हणाला, "आमचा भिशीवाला पण असंच म्हणायचा!"

तिसऱ्याने लिहिलं, "इन्स्टॉलरची फाइल तुमच्या डिस्कवर उतरवून ठेवा. मग आम्ही असो नसो." दादा खुर्चीवरून उठलाच. "हे खरं दुकान!"

*

पण दादाचं एक जुनं खातं कुलूपवाल्या दुकानातही होतं. ओटीपी येणार त्याच्या बंद पडलेल्या सिमवर. मला ते गेम विकायचे नव्हते. तो कुठवर खेळलाय, तेवढंच बघायचं होतं. मी नववी नापास, म्हणून कंपनीला इंग्रजीत निक्याने लिहिलं, "खातेदार वारले."

उत्तर आलं, "खातेदारांनी स्वतः संपर्क साधावा."

मी कीबोर्ड ओढला आणि सणसणीत शिवी टाइप केली.

"आपल्या संयमाबद्दल आभार. आमची सेवा कशी वाटली?"

*

दादाच्या जलदान विधीला भंतेजींची वंदना संपते न संपते तोच पिंट्या पेनड्राइव्ह घेऊन हजर! "छोट्या, आठवण म्हणून दादाचे गेम कॉपी करून दे ना."

मी त्याची कॉलर धरली. आई मध्ये पडली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठवण पाहिजे ना बाळा? मग त्याचा शर्ट ने. गेम विकत घे!"

*

उरले ते दादाच्या हार्डडिस्कवरचे बिनकुलपाचे गेम. काल दुकानाचं शटर वर केलं, निक्या-पिंट्या आलेच, आणि तो शेवटी खेळत होता तो गेम लावला. नेट बंद होतं. गेमने काही विचारलं नाही, सरळ चालू झाला.

दादाचा घोडेस्वार बर्फात उभा. जखमी. समोर किल्ला.

"थोडंच राहिलंय, छोट्या! किल्ला घे!" पिंट्या ओरडला.

"दादाचं अर्धं राहिलंय रे, तू पूर्ण कर," निक्या म्हणाला.

मला खेळता येत नाही. मी घोडा मागे वळवला. लांडग्यांनी स्वाराला मारलं. परत लोड केलं. परत मेला. मी उठून खुर्चीला लाथ घातली आणि परत बसलो.

"अरे, उलटा कुठे चाललास?"

दरीपलीकडे एक गाव होतं. एका घरात शेकोटी पेटलेली. त्याला घोड्यावरून उतरवलं, आत नेलं, खाटेवर झोपवलं. सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद केला.